मुदतबाह्य फिल्मवरील खुणा आणि छायाचित्राची पाठचिकित्सा

१. प्रास्ताविक

छायाचित्राची समीक्षा करताना समीक्षकाचे लक्ष सामान्यतः चित्रविषय, रचना, छायाप्रकाशाची योजना आणि छायाचित्रकाराचा दृष्टिकोन यांकडे असते. ज्या द्रव्यावर ते चित्र उमटले, त्या द्रव्याचा विचार तंत्रज्ञांवर सोपविला जातो. चित्र निर्दोष असेल तेव्हा ही विभागणी खपून जाते. परंतु मुदत संपलेल्या फिल्मवर घेतलेले किंवा जुन्या, जीर्ण निगेटिव्हवरून काढलेले चित्र समोर येते, तेव्हा ती मोडून पडते. अशा चित्रात माणसे, झाडे, इमारती यांच्या जोडीने आणखी काही उमटलेले असते. कुठे ठिपके, कुठे फांद्यांसारख्या रेषा, कुठे कडेने पसरत आलेला तांबूस प्रकाश, तर कुठे चित्रभर पसरलेली राखाडी धूसरता. या खुणांचे काय करावयाचे, हा प्रश्न मग केवळ तंत्राचा राहत नाही, तो अर्थनिर्णयाचा होतो.

या प्रश्नाला आज दोन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर असे, की खुणा म्हणजे दोष होत; त्या पुसून चित्र स्वच्छ करावे. दुसरे उत्तर असे, की खुणा म्हणजे काळाची कविता होय. त्यांचा आस्वाद घ्यावा. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन्ही भूमिकांमध्ये एक उणीव समान आहे. खूण कशामुळे, केव्हा आणि कोणाच्या हातून झाली, हे दोघेही विचारीत नाहीत. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे, की खुणेचे निदान ही तिच्या अर्थनिर्णयाची पूर्वअट आहे आणि मराठी संशोधनपरंपरेला सुपरिचित असलेली पाठचिकित्सेची दृष्टी या कामी उपयुक्त ठरते. त्यासाठी प्रथम फिल्मच्या जीर्णतेचे स्वरूप, नंतर निदानाच्या कसोट्या आणि शेवटी महाराष्ट्रातील दोन उदाहरणे यांचा विचार केला आहे.

२. फिल्मची मुदत म्हणजे काय?

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा थर आणि त्या थरात विखुरलेले रौप्य-हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक. ज्या स्फटिकांवर प्रकाश पडतो ते डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत रूपांतरित होतात; उरलेले हायपोमध्ये विरघळून जातात. फिल्म जुनी होते तेव्हा काही स्फटिक प्रकाश न पडताच डेव्हलप होण्याजोगे बनतात. परिणामी कोऱ्या फिल्मवरही एक पातळ काळेपणा येतो, त्याला फॉग म्हणतात. त्याच वेळी फिल्मची प्रकाशसंवेदनक्षमता घटते आणि छायाप्रकाशातील अंतर कमी होते. रंगीत फिल्ममध्ये तीन रंगांचे थर निरनिराळ्या गतीने जीर्ण होत असल्याने सबंध चित्रावर एखाद्या रंगाची झाक चढते. उष्णता, दमटपणा आणि भोवतालचा नैसर्गिक किरणोत्सर्ग ही या बदलामागची प्रमुख कारणे होत. अधिक वेगवान फिल्म अधिक लवकर बिघडते, कारण जी संवेदनक्षमता तिला मंद प्रकाश टिपू देते तीच तिला या अन्य आघातांनाही उघडी ठेवते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खोक्यावर छापलेली मुदत ही तारीख दिसत असली, तरी वस्तुतः ती एक अट असते. थंड आणि कोरड्या जागी साठवण होईल हे गृहीत धरून ती तारीख दिलेली असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जूनअखेरीस हवा एकाएकी दमट होते. फोटो स्टुडिओच्या लाकडी कपाटात असे दोन-तीन उन्हाळे आणि पावसाळे काढलेला रोल तारखेने जिवंत असूनही मुदतबाह्य असू शकतो. उलट शीतकपाटात राहिलेला रोल तारीख उलटून गेल्यावरही चांगले चित्र देतो. उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कंपनीच्या ‘इंदू’ फिल्मचे उत्पादन केव्हाच बंद पडले आहे. त्यामुळे आज मिळणारा तिचा प्रत्येक रोल मुदतबाह्यच असणार. परंतु दोन रोलांवर एकच तारीख असली तरी त्यांचे चरित्र एक असेलच असे नाही. समीक्षकाने तारखेपेक्षा साठवणीचा इतिहास विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

येथे आणखी एक भेद करावा लागतो. मुदत संपलेल्या फिल्मवर चित्र घेणे ही एक गोष्ट आणि चित्र घेतलेली फिल्म न धुता वर्षानुवर्षे पडून राहणे ही दुसरी गोष्ट. पहिल्या प्रकारात जीर्णता चित्राच्या आधीची असते, दुसऱ्या प्रकारात ती नंतरची असते. स्वीडिश संशोधक आंद्रे यांच्या १८९७ मधील उत्तर ध्रुवाकडील बलून-मोहिमेतील फिल्म १९३० मध्ये बर्फात सापडली. तेहतीस वर्षांनी जॉन हर्ट्झबर्ग यांनी ती डेव्हलप केली आणि सुमारे २४० चित्रांपैकी ९३ वाचविली. त्या चित्रांवरील डागांत छायाचित्रकार नील्स स्ट्रिंडबर्ग यांचा कोणताही हेतू शोधणे अर्थशून्य होय. पोथीच्या बाबतीत हा भेद अभ्यासकांना परिचित आहे. लेखनिकाने पानातील भोक टाळून अक्षर पुढे लिहिले असेल, तर भोक आधीचे. कसरीने अक्षरच खाल्ले असेल, तर भोक नंतरचे. फिल्मच्या बाबतीत हा निर्णय इतका सरळ नाही, कारण चित्र घेणाऱ्याला पुढे उमटणारी खूण आधी दिसत नसते. मुदतबाह्य फिल्म जाणीवपूर्वक वापरणारा छायाचित्रकार खूण करीत नाही. तो खुणेला वाव देतो. त्याच्या कर्तृत्वाची मर्यादाही तेवढीच आहे.

३. निदानाच्या कसोट्या

खुणांचे निदान अंदाजाने करावयाचे नसते. पुढील पाच कसोट्या क्रमाने लावल्या असता बहुतेक खुणांचे मूळ सापडते.

(अ) सीमेची कसोटी. खूण चित्राच्या चौकटीत थांबते, की चौकट ओलांडून फिल्मच्या कडेपर्यंत, छिद्रांच्या मधल्या जागेत जाते, हे प्रथम पाहावे. चौकटीतच थांबणारी खूण बहुधा भिंगातून किंवा कॅमेऱ्याच्या अंतर्भागातून, चित्रणाच्या वेळी आलेली असते. चौकट ओलांडणाऱ्या खुणेला चित्राशी कर्तव्य नसते. ती फिल्मवर साठवणीत, रोल भरताना, कॅमेऱ्याच्या मागील झाकणाच्या फटीतून किंवा धुण्याच्या वेळी झालेली असते. एके काळी मराठी मध्यमवर्गीय घरांत दिसणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याच्या पाठीवर आकडा पाहण्यासाठी लाल खिडकी असे. लाल प्रकाश न जाणणाऱ्या जुन्या फिल्मला ती निरुपद्रवी होती. सर्व रंग जाणणाऱ्या फिल्मला मात्र तिच्यातून उन्हाची झळ लागू शकते.

(आ) पुनरावृत्तीची कसोटी. पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एका चित्राला आठ छिद्रांची लांबी लागते. खूण बरोबर त्या अंतराने, प्रत्येक चित्रात त्याच जागी येत असेल, तर कारण कॅमेऱ्यात आहे. खूण ठराविक अंतराने येऊन ते अंतर रोलच्या आतील टोकापासून बाहेरील टोकाकडे क्रमशः वाढत असेल, तर ती रोल गुंडाळलेला असताना झालेली आहे. कारण प्रत्येक वेढ्याचा परीघ आतल्या वेढ्यापेक्षा थोडा मोठा असतो. ओल असो वा किरणोत्सर्ग, बाहेरून आत शिरणारा आघात असा अनेक वेढ्यांवर आपली नोंद ठेवतो. खुणेत कोणतीच नियमितता नसेल, तर हाताळणीचा संशय घ्यावा.

(इ) घनतेची कसोटी. निगेटिव्हवर खूण काळी आहे की पारदर्शक? काळी असल्यास तेथे प्रकाश, वीज, दाब वा रसायन यांमुळे अधिक चांदी तयार झाली आहे; पारदर्शक असल्यास तेथे चांदी तयार झाली नाही किंवा थर निघून गेला आहे. डेव्हलपरमधील हवेचा बुडबुडा निगेटिव्हवर पारदर्शक आणि प्रिंटवर काळा गोल ठिपका ठेवतो. निगेटिव्हवर बसलेली धूळ प्रिंटवर पांढरी दिसते. कोरड्या हवेत फिल्म झपाट्याने गुंडाळल्यास स्थिर विद्युत निर्माण होऊन फांद्यांसारख्या रेषा उमटतात. त्या प्रिंटवर उजळ असतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात अशा रेषा आढळल्यास त्यांत गूढ शोधण्याचे कारण नाही.

(ई) थराची कसोटी. खूण चित्रात आहे की चित्रावर आहे? निगेटिव्ह तिरप्या प्रकाशात धरल्यास बुरशीने खाल्लेले जिलेटिन, नखाच्या आकाराची मुरड, वाळलेल्या पाण्याचे क्षार हे पृष्ठभागावर स्पष्ट दिसतात. धुण्याच्या द्रावणांच्या तापमानात एकदम फरक पडला, तर जिलेटिन आकुंचन पावून त्यावर भेगाळ जाळी उमटते. कृष्णधवल फिल्मसाठी २० अंश हे प्रमाण तापमान मानले जाते. उन्हाळ्यात टाकीतून येणारे नळाचे पाणी त्याहून कितीतरी तापलेले असते. तेव्हा ही जाळी फिल्मच्या वयाची नसून धुणाऱ्याच्या घाईची साक्ष असू शकते.

(उ) कोऱ्या तुकड्याची कसोटी. सर्वांत निर्णायक साक्ष चित्र नसलेल्या भागाची असते. रोलच्या टोकाचा, प्रकाश न लागलेला तुकडा तसाच डेव्हलप केला असता जो काळेपणा येतो, तो केवळ जीर्णतेचा होय. चित्रातील धूसरतेतून तेवढा भाग वजा केल्यावर जे उरते, त्याचीच चर्चा छायाचित्रकाराच्या प्रकाशयोजनेच्या संदर्भात करता येते.

अशा निदानाने विज्ञानाच्या इतिहासात मोठे शोध लागले आहेत. १८९६ मध्ये हेन्री बेकरेल यांनी युरेनियमच्या क्षाराजवळ ठेवलेली, प्रकाश न लागलेली काच काळवंडल्याचे पाहिले. त्यांनी ती काच खराब म्हणून टाकून दिली नाही, कारण शोधले. त्यातून किरणोत्सर्गाचा शोध लागला. १९४५ मध्ये कोडॅक कंपनीच्या क्ष-किरण फिल्मवर अनाकलनीय ठिपके आढळले. ज्युलियन वेब यांनी त्यांचा माग काढला, तेव्हा दोष फिल्मचा नसून तिच्या वेष्टनातील पुठ्ठ्याचा ठरला. इंडियाना राज्यातील विन्सेन्स येथील गिरणीत तयार झालेल्या त्या पुठ्ठ्यात सेरियम-१४१ हे किरणोत्सर्गी द्रव्य होते आणि ते १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोत झालेल्या पहिल्या अणुस्फोटातून आले होते. जी घटना सरकारने गुप्त ठेवली होती, तिची नोंद शेकडो मैलांवरच्या कोऱ्या फिल्मने करून ठेवली. ठिपके पुसून टाकणाऱ्याला किंवा त्यांना नक्षत्रांची उपमा देऊन थांबणाऱ्याला हे ज्ञान झाले नसते.

४. पाठचिकित्सेचा आदर्श

मराठी अभ्यासकाला ही विचारपद्धती परकी वाटण्याचे कारण नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने, विशेषतः वि. सी. सुखटणकर यांच्या संपादनाने, लेखनिकाचा प्रमाद, प्रक्षेप आणि पाठभेद यांना वेगळे करण्याची शिस्त घालून दिली. नागपूरपुरते बोलावयाचे, तर नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ (१९७८) हा याच शिस्तीचा आदर्श होय. मूळ प्रत हरवून स्मरणातून पुन्हा सिद्ध झालेल्या, अनेक पाठांनी वाहत आलेल्या ग्रंथाशी व्यवहार करताना संपादक प्रथम विचारतो: हे वाक्य कोणाचे? कर्त्याचे, स्मरणकर्त्याचे, की लेखनिकाचे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत तो वाक्याच्या सौंदर्याविषयी मौन पाळतो.

छायाचित्रालाही असे अनेक हात लागलेले असतात. फिल्म बनविणारा कारखाना, ती साठविणारा दुकानदार, चित्र घेणारा, रोल धुणारा, प्रिंट काढणारा, त्या प्रिंटवरून पुन्हा चित्र घेणारा आणि आता ते संगणकात घेणारा असे हे सर्व त्या संहितेचे लेखनिक होत. मात्र साम्याबरोबर एक भेदही ध्यानात ठेवावा लागतो. पोथीचा लेखनिक चुकतो तेव्हाही भाषेच्या आत चुकतो. त्याची चूक हा शब्दच असतो. फिल्मवरील खूण मात्र चित्राच्या भाषेतील नसते. ती चित्रासारखी दिसते एवढेच. म्हणूनच ती अधिक फसवी असते. धुक्यासारखा फॉग आणि खरे धुके प्रिंटवर सारखेच दिसतात, परंतु त्यांपैकी एकच त्या दिवशी त्या जागी होते.

५. उदाहरण पहिले : ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे

या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झालेल्या या चार रिळांच्या चित्रपटाची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या स्थापनेनंतर (१९६४) पी. के. नायर यांनी ती मिळवून जतन केली. त्याच काळातील असंख्य अन्य चित्रपटांचे मात्र काहीच हाती लागले नाही. जे टिकले त्यालाही धोका होताच. नायट्रेट फिल्म जीर्ण होताना चिकट होते, तिची भुकटी होते आणि ती भयंकर ज्वालाग्राही असते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म व दूरचित्रवाणी संस्थेच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेल्या आगीने याची कटू प्रचीती दिली.

फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने हाच विषय पुन्हा चित्रित केला आणि उरलेली रिळे १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असे काही चित्रपट-इतिहासकारांचे मत आहे. म्हणजे येथे एकाच कर्त्याने सिद्ध केलेले दोन पाठ आहेत आणि हाती असलेले अवशेष कोणत्या पाठाचे, हा खास पाठचिकित्सेचा प्रश्न आहे. प्रश्नाचे महत्त्व मोठे आहे. भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणून वर्गावर्गांत जी दृश्ये दाखविली जातात, ती खरोखर आरंभाची आहेत की चार वर्षांच्या अनुभवानंतरची, यावर फाळक्यांच्या कलेच्या विकासाविषयीची सारी विधाने अवलंबून आहेत.

अशा वेळी फिल्मवरील खुणा साक्षीदार ठरतात; परंतु त्यांची उलटतपासणी आवश्यक असते. कोडॅकने १९१६ पासून आपल्या चित्रपट-फिल्मच्या कडेवर वर्षदर्शक चिन्हे छापण्यास सुरुवात केली. अशी चिन्हे चित्रपटाचा काळ ठरविण्यास उपयोगी पडतात, पण ती त्या विशिष्ट पट्टीचा काळ सांगतात, चित्रणाचा नव्हे. १९१३ च्या निगेटिव्हवरून १९१७ च्या फिल्मवर प्रिंट काढता येते. उलट जुनी, मुदत संपत आलेली फिल्म नंतर वापरणेही शक्य असते. प्रतीवरून प्रत काढताना आधीच्या कडेची चिन्हेही पुढच्या प्रतीत उतरू शकतात. खरचट्यांचेही तसेच आहे. जो खरचटा पृष्ठभागावर प्रत्यक्ष आहे तो याच प्रतीचा. जो चित्रात दिसतो पण पृष्ठभागावर नाही, तो आधीच्या कोणत्या तरी प्रतीतून उतरलेला. या एका भेदावरून प्रतींची वंशावळ मांडता येते. दोन प्रतींत समान असलेला प्रमाद त्यांचे समान मूळ दाखवितो, हा पोथ्यांना लावलेला नियम येथे अक्षरशः लागू पडतो.

दुसरा मुद्दा फाळक्यांच्या तंत्राच्या मूल्यमापनाचा आहे. आज पडद्यावर ही रिळे थरथरतात, पात्रे घाईने हालचाल करतात आणि यावरून आरंभीच्या तंत्राच्या कच्चेपणाविषयी सहज विधाने केली जातात. पैकी घाई हा बहुधा प्रक्षेपणाचा दोष असतो; मूकपटाच्या मंद गतीने चित्रित केलेली फिल्म सेकंदाला २४ चित्रे या बोलपटाच्या गतीने दाखविल्यास असेच होणार. थरथरीचे निदान अधिक सूक्ष्म आहे. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे. फाळक्यांनी १९१२ च्या लंडनभेटीत विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर छिद्रे पाडण्याचे यंत्रही मिळविले आणि घरच्या घरी, अंधारात, फिल्मला छिद्रे पाडण्याचे जिकिरीचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. तेव्हा लागोपाठच्या चौकटींमधील अंतर अनियमित असेल, तर कारण छिद्रे पाडण्यात वा कॅमेऱ्यात असण्याचा संभव आहे. ते अंतर समान असूनही सबंध चौकट हलत असेल, तर कारण प्रतीकरणात किंवा नायट्रेटच्या आकुंचनात शोधावे लागेल. पहिल्या प्रकारची खूण हा दोष म्हणून पुसून टाकण्याचा प्रकार नव्हे. श्रेयनामावलीत ज्या स्त्रीच्या श्रमाला स्थान नसते, त्या श्रमाची ती फिल्मवर उरलेली नोंद ठरू शकते. दुसऱ्या प्रकारच्या खुणेचे खापर फाळक्यांवर फोडणे हा मात्र अन्याय होय. दोन्ही खुणा पडद्यावर एकसारख्याच दिसतात. निदानाविना न्याय आणि अन्याय यांतील फरकही दिसत नाही.

६. उदाहरण दुसरे : नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६

दुसरे उदाहरण नागपूरचेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्या सोहळ्याची छायाचित्रे विहारांत, घराघरांत, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आणि दरवर्षी दीक्षाभूमीवर भरणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत आढळतात. त्यांतील पुष्कळशी चित्रे ही प्रतीवरून काढलेल्या प्रती आहेत. श्रद्धेने जपलेल्या या चित्रांना इतिहासाचे साधन म्हणून वापरावयाचे, तर त्यांच्यावरील धूसरतेचे निदान करणे अनिवार्य ठरते.

अशा अनेक प्रतींत जनसमुदाय हा एक पांढरा, अस्पष्ट विस्तार म्हणून दिसतो. या शुभ्रतेमागे किमान तीन कारणे संभवतात. एक, फिल्म उष्णतेने जीर्ण झालेली असणे. दोन, प्रतीवरून प्रत काढताना मधल्या छटा नष्ट होणे. तीन, लोकांनी खरोखरच पांढरी वस्त्रे परिधान केलेली असणे. तिसरे कारण इतिहाससिद्ध आहे. दीक्षेसाठी शुभ्र वस्त्रे परिधान करून लोक आले होते. पहिली दोन कारणे परस्परांपासून वेगळी करता येतात. जीर्णतेचा फॉग निगेटिव्हच्या पातळ भागांवर, म्हणजे चित्रातील छायांवर, सर्वाधिक परिणाम करतो. त्यामुळे प्रिंटमधील काळे रंग राखाडी होतात, पांढरे मात्र फारसे बिघडत नाहीत. उलट प्रतीकरणात छायाप्रकाशाचा विरोध वाढत जातो. काळे अधिक काळे आणि पांढरे सपाट होते. म्हणून एखाद्या प्रतीत केस, काळे कोट, मंडपाखालची सावली ठसठशीत काळी आणि वस्त्रे सपाट पांढरी दिसत असतील, तर चेहरे गिळण्याचे काम काळाने केलेले नसून नकलेने केलेले आहे. हा निष्कर्ष आशादायक आहे, कारण आधीच्या पिढीची प्रत मिळाल्यास त्या शुभ्र विस्तारातून माणसे पुन्हा वेगळी होऊ शकतील. ज्या समाजाला शतकानुशतके नाव आणि चेहरा नाकारला गेला, त्याच्या मुक्तीच्या क्षणाचे चित्र पाहताना हे चेहरे परत मिळविणे ही तांत्रिक हौस नव्हे.

येथेच स्वच्छतावादी भूमिकेचा धोका स्पष्ट होतो. आजची यंत्रबुद्धीवर चालणारी साधने जुन्या चित्रातील अस्पष्ट चेहरा क्षणार्धात स्पष्ट करून देतात. परंतु निगेटिव्हमध्ये नसलेली माहिती ती शोधून काढीत नाहीत, अनुमानाने भरतात. पाठचिकित्सेच्या परिभाषेत याला प्रक्षेप म्हणतात. असा चेहरा कोणाचाच नसतो आणि तरीही तो कोणाचा तरी वाटतो. डाग असलेले चित्र निदान आपण कोठे आंधळे आहोत हे सांगते. नितळ केलेले चित्र तेही सांगत नाही.

७. आस्वादवादी भूमिकेची मर्यादा

याउलट खुणांचा गौरव करणाऱ्या भूमिकेला कलादृष्ट्या आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. बिल मॉरिसन यांचा ‘डेकेशिया’ (२००२) हा चित्रपट सडत चाललेल्या नायट्रेट फिल्मच्या तुकड्यांतून सिद्ध झाला आहे. त्यातील एक मुष्टियोद्धा फिल्मवर उसळणाऱ्या विकृतीच्या लोळावर ठोसे लगावताना दिसतो. या दृश्याचा परिणाम विलक्षण आहे. परंतु तो कशामुळे घडतो? योद्धा वस्तुतः सरावाच्या पिशवीवर ठोसे मारीत होता आणि तिची जागा पुढे सडण्याने घेतली, हे प्रेक्षकाला कळते म्हणून. म्हणजे आस्वादही निदानावरच उभा आहे. चित्र आणि खूण यांतील भेद पुसला, तर उरतो तो केवळ एक अमूर्त आकार.

मुदतबाह्य फिल्मवर आज हौसेने काम करणाऱ्या छायाचित्रकारांच्या चित्रांना हीच कसोटी लावावी. त्यांच्या चित्रातील तांबूस कड सुंदर आहे म्हणून ती त्यांची ठरत नाही. कोणत्या फिल्मची, कोणत्या विषयासाठी, किती जादा प्रकाश देऊन निवड केली आणि आलेल्या छत्तीस चित्रांतून कोणते राखले, या निवडीत त्यांचे कर्तृत्व असते आणि समीक्षेने त्या निवडीचेच मूल्यमापन करावयाचे असते. मोबाइलमधील ‘जुन्या फिल्म’चा आभास तर या चर्चेच्या बाहेरच राहतो. तेथील प्रकाशाची गळती चौकटीबाहेर कधी जात नाही, कारण चौकटीबाहेर काही नसतेच. ती खूण कशाचीही नोंद नसते. जिला कारण नाही त्या खुणेला अलंकार म्हणता येईल, साक्ष म्हणता येणार नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) फिल्मची मुदत ही साठवणीशी निगडित अट असल्याने जीर्णतेचा विचार तारखेवरून न करता फिल्मच्या चरित्रावरून केला पाहिजे.

२) सीमा, पुनरावृत्ती, घनता, थर आणि कोरा तुकडा या कसोट्यांनी खुणेचे कारण व तिचा काळ बहुतांशी ठरविता येतो. त्यानंतरच तिच्या अर्थाची चर्चा करावी.

३) खूण पुसणे आणि खुणेचा अविचारी गौरव करणे या दोन्ही भूमिका कर्तृत्वाचा प्रश्न टाळतात. त्यामुळे कधी काळाचे काम कलावंताच्या नावे जमा होते, तर कधी नकलेचा दोष कलावंताच्या माथी येतो.

४) संगणकीय प्रत करताना केवळ चित्राची चौकट न घेता कडा, छिद्रे आणि कोरी टोके यांसह संपूर्ण पट्टी, तसेच प्रिंटची मागील बाजू घेतली पाहिजे. स्वच्छ केलेली प्रत मूळ प्रतीच्या जागी न ठेवता तिच्या शेजारी, केलेल्या बदलांच्या नोंदीसह ठेवली पाहिजे.

शेवटच्या निष्कर्षाचा महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. विदर्भातील अनेक जुन्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांची, उद्घाटनांची, नामवंतांच्या भेटींची छायाचित्रे आणि निगेटिव्हची पाकिटे कपाटांतून पडून आहेत आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ती बाहेर निघतात. त्या वेळी चित्र कापून, उजळून, नीटनेटके करून छापले जाते आणि मूळ पाकीट पुन्हा त्याच कपाटात, आणखी एका उन्हाळ्याच्या हवाली होते. इतिहास, मराठी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे, कारण फिल्मच्या एका पट्टीवर या चारही विषयांचे लेखन झालेले असते. ते वाचण्यास आरंभ करण्यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. एक प्रकाशपेटी, एक भिंग, मोजपट्टी आणि कडेचा कोरा भाग फेकून न देण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे.